धुतलेला समुद्र

मी समुद्र का धुतला, हे मामांनी मला अजून विचारलेलं नाही. दोन वर्षं होत आली. रोज सकाळी जिन्याखाली आम्ही भेटतो. ते माझी दुधाची पिशवी माझ्या हातात देतात, वर बघून "आज ऊन बरं आहे, रंग चढंल" म्हणतात, आणि मी मान डोलवून कामाला जाते. ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी काय सांगायचं, याचे मी कितीतरी मसुदे केले. एकही छापण्यासारखा झाला नाही.

मामा माझे घरमालक. म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये त्यांचं बैठं घर आहे आणि वर एक खोली. त्या खोलीत मी राहते. नात्याने ते माझे कोणी नाहीत. सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते, कानडी शेजारीसुद्धा. घराणं रंगाऱ्यांचं. महाराष्ट्रातून इकडे किती पिढ्यांपूर्वी आले, ते त्यांनाही सांगता येत नाही. धंदा वडिलांच्या हयातीतच बंद पडला, मामांनी जन्मभर एका शाळेत कारकुनी केली. मागच्या अंगणातले तीन हौद मात्र त्यांनी बुजवू दिले नाहीत.

खोली बघायला आले तेव्हा त्या अंगणात दोऱ्यांवर, पेरूच्या झाडावर, भिंतीवर, जिन्याच्या कठड्यावर, जिथे बघावं तिथे एकच निळं कापड पसरलेलं होतं. मी ते बाजूला सारून जिना चढायला लागले.

"अय्यो, त्याला हात लावू नको ग," खालून आवाज आला. "समुद्र आहे तो."

"काय आहे?"

"समुद्र म्हटलं की. वाळाय लागलाय. हात निळे होतील. अष्टे, एवढंच."

हात निळे झालेच होते. ते तीन दिवस निळे राहिले. ऑफिसात मी सांगितलं की घरमालकाचा समुद्र लागला, तेव्हा सगळ्यांनी माझ्या घरमालकाविषयी एक मत बनवलं. मीही बनवलं होतं.

भाड्याचं बोलायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "तू समुद्र बघितलाईस?"

"एकदा. रत्नागिरीला."

"कसला निळा?"

"निळा कुठला, मातकट हिरवा होता."

त्यांना ते लागलं. आत जाऊन एक जाडजूड वही आणली आणि मी म्हणाले तसंच्या तसं लिहून घेतलं. त्या वहीत दर पानावर बोटभर रुंद निळी पट्टी टाचलेली होती. दर वर्षी समुद्र रंगवला की त्याच्या काठाची एक पट्टी वहीत जायची, आणि तिच्याखाली त्या वर्षी भेटलेल्या, समुद्र पाहिलेल्या माणसांच्या जबान्या. एका लॉरी ड्रायव्हरने सांगितलं होतं, विहिरीच्या तळासारखा. एका नर्सने सांगितलं होतं, सकाळी राखेसारखा. कोणीतरी म्हटलं होतं, लक्ष दिलं नाही, मासे घेत होतो.

मामांनी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. मंगळूर इथून एका दिवसाच्या बसवर आहे. सत्तरी उलटलेला माणूस पन्नास वर्षं समुद्र रंगवतो आणि एकदाही बघायला जात नाही, हे मला पचेना. मी तसं तोंडावर विचारलं.

"बघून आलो तर मग तोच एक रंगवत बसेन," ते म्हणाले. "सध्या सगळ्यांचा रंगवतोय."

या उत्तराने माझं डोकं फिरलं. मी पत्रकांच्या घरात वाढले आहे. बाबा सोलापूरला गिरणीत होते आणि युनियनची पत्रकं आमच्या पलंगाखाली गठ्ठ्यांनी पडलेली असायची. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. एका बाजूला मागण्या, दुसऱ्या बाजूला माझा ग. त्यामुळे माणसाने एक काय ती भूमिका घ्यावी आणि ती ठसठशीत छापावी, असं मला वाटतं. मामा कसलीच भूमिका घेत नसत. निवडणुकीत सगळ्या पक्षांच्या माणसांना ताक पाजत आणि त्यांच्या झेंड्यांचं कापड बोटांत चोळून बघत. "हा एका पावसाचा," म्हणत. "हा दोन पावसांचा."

समुद्र कशाला लागतो, ते मला महिनाभराने कळलं. कोकण किनाऱ्यावर कधीकाळी आपल्या गलबतांनी गोऱ्यांची मोठमोठी जहाजं बुडवली, त्या लढाईची आठवण इथली जुनी रंगारी घरं दर हिवाळ्यात साजरी करतात. पूर्वज त्या आरमाराची शिडं रंगवायचे, अशी घराण्यात गोष्ट आहे. खरी का खोटी, कोणी तपासलेलं नाही. आता ही घरं थोडी उरलीत आणि कार्यक्रम मंडळाकडे गेला आहे. मंडळ म्हणजे पुण्यामुंबईहून नोकरीसाठी आलेले, बोगादीकडच्या नव्या सोसायट्यांमध्ये राहणारे लोक. पण समुद्र मामांकडूनच येतो. म्हणजे यायचा.

पन्नासेक घरांची जुनी धोतरं जोडून केलेलं ते कापड हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतात. दोन्ही बाजूंनी वीस-वीस माणसं काठ धरून उभी राहतात आणि हलवून लाटा करतात. शिवणी जागोजाग उसवलेल्या असतात. कापडाखालून माणसं चालतात आणि त्या फटींतून काठीवरची लाकडी जहाजं वर धरतात. ताशा वाजतो, जहाजं एकमेकांवर आदळतात. जे बुडायचं ते खाली जातं आणि ते धरणारा माणूस तिथेच जमिनीवर आडवा होतो. आपली दोन-तीन बुडतात, त्यांची सगळी.

आणि मग, लोक टाळ्या वाजवून उठणार इतक्यात, ताशा थांबतो. मामा कापडाचा काठ उचलून आत शिरतात आणि बुडालेल्यांना एकेक करून हाताला धरून बाहेर आणतात. हे सगळ्यांत जास्त वेळ चालतं. बाहेर आलेल्याला बाकावर बसवतात आणि गूळ घातलेलं कोमट दूध देतात. ते दूध-गूळ आणायला मामा आदल्या दिवशी स्वतः बसने वरुण्याला जातात, तिथे त्यांच्या एका जुन्या मित्राच्या गाई आहेत. मुक्काम करतात आणि सकाळच्या धारांचं दूध कॅनमधून घेऊन थेट हॉलवर येतात.

मी पहिल्या वर्षी हे पाहिलं तेव्हा हातात वही होती. पत्रक लिहायचंच म्हणून गेले होते. कोण शत्रू आणि कोण आपले, हे तेव्हा चिठ्ठ्या टाकून ठरायचं. मंडळाचे सेक्रेटरी, पुण्याचे, एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, अतिशय सौजन्याने बोलणारा माणूस. त्यांना गोऱ्यांची चिठ्ठी आली आणि ते हसून लाल कोट चढवून खाली गेले. खाली जाणाऱ्यांवर आधी पाणी शिंपडलं. अर्ध्या तासाने मामांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते सेक्रेटरी आहेत हे मला ओळखू आलं नाही. कपाळ, कान, पार ओठांपर्यंत सगळं निळं. लाल कोटावर निळं चढून काळपट झालेलं. त्यांच्या पाठोपाठ भगव्या अंगरख्यातला एकजण आला, तोही तसाच काळपट. मग आणखी एक, आणखी एक. बारा माणसं बाकावर ओळीने बसली आणि दूध प्यायली. सेक्रेटरींची सहा-सात वर्षांची मुलगी बापाला शोधत बाकासमोरून फिरली, त्यांनी हात पुढे केला तशी रडत आईकडे पळाली. पाहुणे म्हणून नौदलातून निवृत्त झालेले एक अधिकारी पांढऱ्याशुभ्र पोशाखात आले होते. ते उठले, गुडघ्यावर बसून कापडाखाली हात घातला आणि शेवटच्या माणसाला त्यांनीच ओढून काढलं. पँट गुडघ्यापर्यंत निळी झाली. मग बाकाच्या टोकाला बसून म्हणाले, "मलाही द्या."

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मी वहीत काय लिहिलं? लिहिलं, "रंगसुद्धा धड पक्का नाही."

पत्रकाचा मथळा होता: समुद्र नाही, शत्रू नाही, तरी लढाई हवी. दोन बाजूंना बारीक टायपात छापून मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी ते प्रत्येक खुर्चीवर ठेवलं. मेलेल्यांच्या नावाने जेवणावळी करणाऱ्यांनी आधी आज मरणाऱ्यांकडे बघावं, असं त्यात होतं. ते मला आजही मान्य आहे. एक प्रत मामांना दिली. त्यांनी ती वाचायच्या आधी मथळ्यावर बोट चोळलं आणि बोट उजेडात धरलं. बोटाला शाई लागली होती.

"शाई पक्की नाही ग."

"स्वस्तातली आहे."

"बरं आहे की मग. वाचणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागाय पाहिजे."

मग त्यांनी सगळं वाचलं, घडी केली आणि त्या वर्षीच्या पट्टीपाशी वहीत ठेवलं. तेव्हापासून मला "काय ग, आज कोणावर छापलंस?" असं विचारायची त्यांना सवय लागली. मी चिडायची, ते खूश व्हायचे.

एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला माहीत होती आणि तरी मी केलं ते केलं. मामांच्या हातचा रंग जात नाही. त्यांनी रंगवलेली माझी ओढणी मी किती वेळा धुतली असेल, पाण्याला तिने कधी रंगाचा थेंब दिला नाही. मला त्यांनीच समजावलं होतं: निळीच्या हौदातून काढलेल्या कापडावर जादा रंग बसलेला असतो, तो तीन पाण्यांत धुऊन काढायचा. मग राहतो तो कायमचा. समुद्राच्या बाबतीत ते फक्त शेवटचं धुणं करत नसत. हौदातून काढायचा, वाळवायचा, घडी घालायची. म्हाताऱ्याला इतकं मोठं कापड आता झेपत नसेल, अशी मी समजूत करून घेतली.

पुढच्या हिवाळ्यात, लढाईच्या पंधरा दिवस आधी सेक्रेटरी घरी आले. मामा हौदात काठी फिरवत होते. निळीच्या हौदाला कुजलेल्या गवतासारखा वास येतो. सेक्रेटरी रुमाल नाकाला न लावता उभे राहिले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

"मामा, तुमच्याबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले. "पण गेल्या वर्षी माझी मुलगी मला बघून रडत पळाली. आठवडाभर माझ्याकडे आली नाही हो."

"बुडालेला बाप तसाच दिसतोय की," मामा म्हणाले.

"भाड्याचे सगळे ड्रेस निळे झाले. पाहुण्यांची पँट गेली."

"त्यांनी स्वतः हात घातला."

"हो, पण आपण यजमान ना? कमिटीचं ठरलंय, मामा. या वर्षी रंग लागला तर पुढच्या वर्षी पॉलिस्टरचं कापड घ्यायचं. सुरतेला मिळतं, लाटा छापलेलं. मला विचाराल तर तुमचाच समुद्र राहावा. पण एवढं तुम्ही केलं पाहिजे." जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. यंदा चिठ्ठ्या नाहीत. गोरे व्हायला कोणीच तयार नाही, आपल्या मुलांना इंग्रज करायला नको असं आया म्हणतात. म्हणून केटरिंगच्या वाढप्यांना सांगितलंय, सहाजण आहेत.

मामांची काठी थांबली. "चिठ्ठ्या नाहीत?"

"सोपं पडतं," सेक्रेटरी म्हणाले.

ते गेल्यावर मी मामांशी भांडले. ती लढाई मला नको होती. समुद्र मात्र हवा होता. तो मामांचा होता, आणि त्याच्या जागी सुरतेच्या छापील लाटा येणार याचा मला मनापासून संताप आला होता.

"तीन पाण्यांत धुऊन टाका ना," मी म्हटलं. "तुम्हीच सांगता, तेवढ्याने लागायचा थांबतो."

"थांबतो की."

"मग?"

"धुवायचा नाही."

"का पण?"

"समुद्र धुतात का कोण?"

"मामा, हट्टापायी समुद्र जाईल तुमचा."

"जाऊ दे," ते म्हणाले आणि पुन्हा काठी फिरवायला लागले.

ते "जाऊ दे" मला खोटं वाटलं. त्या संध्याकाळी ते वही घेऊन ओट्यावर बसले होते आणि प्रत्येक पानावरची पट्टी बोटाने सपाट करत होते. मी जिन्यातून पाहिलं आणि ठरवून टाकलं. ज्याला स्वतःचं भलं कळत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने उभं राहायचं, हेच मी लहानपणापासून वाचत आले होते.

लढाई रविवारी होती. शनिवारी सकाळी मामा वरुण्याच्या बसने गेले. घडी घातलेला समुद्र रविवारी टेम्पोत घालून हॉलवर न्यायचं काम मी मागून घेतलं होतं. मी शनिवारीच दोन रिक्षा केल्या आणि तो धोबीघाटावर नेला.

तिथल्या धोब्याने गठ्ठा उलगडून काठ हातात धरला. "हे रंगारी मामांचं," तो कानडीत म्हणाला. "ते कधी देत नाहीत धुवायला."

"त्यांनीच पाठवलंय," मी म्हणाले. आयुष्यात इतकं सहज खोटं मी बोलले नव्हते.

एकट्याने उचलण्यासारखं कापड नव्हतं ते. मी सलवार खोचली आणि टाकीत उतरले. पहिलं पाणी शाईसारखं निघालं. दुसरं आभाळासारखं. तिसऱ्या पाण्यात माझे पाय दिसायला लागले आणि मला इतका आनंद झाला की मी गुणगुणत होते. दुपारभर दोऱ्यांवर समुद्र वाळला. रंग फिका झाला नव्हता, उलट उजळला होता. मी ओला रुमाल त्यावर घासून बघितला. रुमाल पांढरा राहिला. माझे हात कोपरापर्यंत निळे झाले होते, पण त्याचं काय, ते तर पहिल्या दिवशीही झाले होते.

रविवारी हॉल भरला होता. दुपारी जेवण झालं. पुढे जे गोरे होणार होते तेच सहाजण तेव्हा चित्रान्न आणि सांबार वाढत होते. सगळे त्यांना "अण्णा, इकडे", "अण्णा, थोडं पापड" म्हणत होते. त्यांच्यातला एक थोराड, डाव्या पायाने किंचित लंगडणारा, त्याने मला आग्रहाने दोनदा वाढलं. मग त्यांनी हात धुतले आणि लाल कोट घातले.

मी काठ धरणाऱ्यांत उभी राहिले. मामा ऐन वेळी कॅन घेऊन आले, दूध कोपऱ्यात ठेवलं. ताशा सुरू झाला. लाटा उठल्या. ऊन खिडकीतून त्या धुतलेल्या निळ्यावर पडलं आणि लोक "वा" म्हणाले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "यंदा किती छान दिसतोय ना?" मला रडू आलं अभिमानाने.

जहाजं बुडाली. ताशा थांबला. मामा पुढे आले, काठ उचलण्यासाठी वाकले आणि तसेच थांबले. त्यांनी काठ अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळला. बोट डोळ्यांजवळ नेलं. मग आत गेले.

पहिले बाहेर आले ते सेक्रेटरी, यंदा आपल्या बाजूने. भगवा अंगरखा कोरा करकरीत, चेहरा स्वच्छ. त्यांची मुलगी "बाबा" म्हणून धावत जाऊन त्यांना बिलगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या. दुसरा भगवा आला, टाळ्या आणखी वाढल्या, कोणीतरी शिट्टी मारली.

तिसरा आला तो लंगडणारा वाढपी. लाल कोट तसाच लाल.

"बाबा, इंग्रज," मुलगी बोट दाखवून म्हणाली आणि सगळे हसले. चांगलं, घरगुती हसू होतं ते. मग मागून कोणीतरी "हुर्यो" केलं. एक कागदी कप उडत येऊन त्याच्या खांद्याला लागला. त्यालाही सगळे हसले. तो बाकाकडे निघाला तर वाटेतल्या खुर्चीवरच्या माणसाने पाय आडवा घातला, आणि कोणीतरी म्हणालं, "ए, याला परत बुडवा."

परत बुडवा. परत बुडवा. मुलं म्हणायला लागली, मग आया, मग टाय लावून आलेली माणसं. ज्यांना मी नावाने ओळखत होते, ज्यांच्याकडे मी संक्रांतीला तिळगूळ खाल्ला होता. मामांनी त्याचा हात धरला होता, तो कोणीतरी सोडवला. तिघा-चौघांनी त्याला हसत हसत उचललं, कापडाखाली ढकललं आणि ओरडले, "ताणा, ताणा." काठ धरणाऱ्यांनी कापड खाली ओढून ताणलं. मधोमध एक उंचवटा धडपडत होता. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर रबरी चपला घसरल्याचा आवाज येत होता.

काठ माझ्याही हातात होता. सगळ्यांनी खाली ओढला तेव्हा माझेही हात खाली गेले. मी तो सोडला नाही. युद्ध नको असं ज्यांच्या खुर्च्यांवर छापून ठेवलं होतं त्यांच्याबरोबर मी तो घट्ट धरून उभी होते. का, ते मला सांगता येत नाही. मुठी उघडत नव्हत्या एवढंच आठवतं.

समोरच्या बाजूने वाकून मामा कापडाखाली शिरले. रांगत गेलेले दिसले, म्हणजे दुसरा उंचवटा पहिल्याकडे सरकताना दिसला. त्याच्याजवळ पोहोचला आणि आडवा झाला. मग दोन्ही उंचवटे हलायचे थांबले.

"मामा?" कोणीतरी म्हणालं.

पहिल्यांदा मुलांचं ओरडणं थांबलं. सेक्रेटरींचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी मुलीला खाली ठेवलं आणि एकट्याने कापड ओढायला सुरुवात केली. तेव्हा कुठे आमचे हात सुटले.

मामा फरशीवर कुशीवर पडले होते आणि त्यांचा एक हात त्या वाढप्याच्या छातीवर होता, मांजर उडी मारू नये म्हणून दाबून धरतात तसा. वाढपी हसत होता. लोक हसतायत तर आपणही हसावं लागतं, तसा. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि तो हसत होता.

"एळु अण्णा," मामा म्हणाले. ऊठ. दोघं एकमेकांना धरून उठले.

मग त्यांनी नेहमीचं काम केलं. कापडाच्या उरलेल्या भागाखाली आडव्या असलेल्या पाचांना बाहेर काढलं. बाकावर बसवलं. स्टीलच्या कपांत दूध ओतलं आणि आधी त्या लंगड्याला, मग बाकीच्यांना दिलं. भगव्या अंगरख्यातले बाकापर्यंत आले नाहीत. पाहुण्यांचा सत्कार राहिला होता, तो उरकायला माईकवर कोणीतरी घाईने बोलायला लागलं होतं. मामांनी कॅन हलवून बघितला. दूध बरंच उरलं होतं. ते हॉलभर नजर फिरवत राहिले, दर वर्षी मोजून घ्यायचे तसे, की निळा कोणी दुधावाचून राहिला नाही ना. सगळे स्वच्छ होते. चाळीसजणांनी तासभर समुद्र धरला होता आणि एकाच्याही बोटाला काही लागलं नव्हतं.

मग त्यांची नजर माझ्यावर आली. मी हात ओढणीत घेतले, पण कोपरापर्यंतचे हात ओढणीत मावत नाहीत.

मला वाटलं, आता या सगळ्यांसमोर विचारतील, आणि विचारावं असंही वाटलं. ते वळले, कपात दूध ओतलं आणि हॉल ओलांडून माझ्यापाशी आले.

"घे."

"मामा, मी..."

"घे ग. तू तरी बुडलीस."

मी बाकावर वाढप्यांच्या शेजारी बसून ते दूध प्यायले. गूळ तळाशी राहिला होता. कप परत द्यायच्या आधी मी तो फिरवून फिरवून बघितला. त्याच्यावर कुठेच निळं उमटलेलं नव्हतं.